अणुभट्टीचा गाभा वितळतो तेव्हा संगणकाला काय काय कळतं?

वितळबिंदू

फुकुशिमाच्या (जपानमधला २०११ चा अणुभट्टी अपघात) धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "आत माणूस जाऊ शकत नाही, मग एवढं इंधन वितळलं हे ह्यांना कळलं कुठून?" तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं. तो धागा भरकटू नये म्हणून इथे टाकतोय.

मुद्दा आधीच सांगतो. सुरुवातीची काही वर्षं ते मुख्यतः गणितावरूनच कळलं होतं, आणि त्या गणिताचे दोन तुकडे आहेत. गाभ्याला, म्हणजे भट्टीतल्या इंधनाच्या जुडग्याला, आकार आहे तोवरचा तुकडा बऱ्यापैकी पक्का. गाभा कोसळल्यानंतरचा तुकडा मात्र कोड (अपघाताचं गणित करणारा संगणक प्रोग्राम) लिहिणाऱ्याने कोणतं गृहीतक धरलं त्यावर ठरतो. बातम्यांत दोन्हींचे आकडे एकाच सुरात येतात, ही माझी तक्रार.

पहिला तुकडा. भट्टी बंद केली की विखंडनाची (युरेनियमचे अणू फुटण्याची) साखळी थांबते, पण विखंडनातून निघालेल्या मूलद्रव्यांचा किरणोत्सर्गी क्षय चालूच राहतो. ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद केल्या क्षणी सुमारे २०० मेगावॉट उष्णता देत असते, तासाभराने ४० च्या आसपास, दिवसाने साधारण १५. ही उतरण चांगली मोजलेली आहे, तिच्यावर कुणी भांडत नाही. थंड करणारं पाणी थांबलं की आतलं पाणी उकळून पातळी खाली जाते, इंधनकांड्यांची वरची टोकं उघडी पडतात आणि तापायला लागतात.

१२०० अंश सेल्सिअसच्या सुमारास खरी गडबड सुरू होते. इंधनाभोवतीची नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. तापलेलं झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन सोडतं आणि वर स्वतःची उष्णताही देतं. तापमान चढलं की अभिक्रिया वेग घेते, ती वेगात आली की तापमान आणखी चढतं. १५०० च्या पुढे ही उष्णता क्षयाच्या उष्णतेला मागे टाकते. एक किलो झिर्कोनियम पूर्ण ऑक्सिडाइझ झालं तर ४४ ग्रॅम हायड्रोजन निघतो, म्हणजे नेहमीच्या दाबाला जवळजवळ अर्धा घनमीटर. गाभ्यात झिर्कोनियम कित्येक टन असतं, गुणाकार ज्याचा त्याने करावा.

ह्याच तापमानाला आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत नियंत्रक पात्यांमधलं (विखंडनाची साखळी आवरणारी पाती) बोरॉन कार्बाइड आणि भोवतीचं पोलाद एकमेकांत मिसळून साधारण १२०० लाच वितळायला लागतात, इंधनाच्या कितीतरी आधी. म्हणजे इंधन उभं आहे आणि नियंत्रक गळून गेलाय, अशी अवस्था येऊ शकते. तेव्हा साधं पाणी भरलं तर साखळी पुन्हा सुरू होईल का, हा प्रश्न उभा राहतो. बोरॉन न्यूट्रॉन शोषून साखळी दाबून ठेवतं, पाण्यात ते मिसळतात ते ह्यासाठी.

१८५० च्या आसपास झिर्कोनियम वितळतं आणि युरेनियम डायऑक्साइडलाही आपल्यात विरघळवून घेतं. त्यामुळे जे इंधन एरवी २८५० ला वितळलं असतं ते त्याच्या बरंच आधी बसकण मारतं.

आता दुसरा तुकडा. अशा अपघातांसाठी खास कोड आहेत. अमेरिकेच्या नियामक संस्थेसाठी सँडिया प्रयोगशाळेने १९८२ पासून विकसित केलेला मेलकोर, तिथल्याच वीज उद्योगाचा एमएएपी, फ्रान्स आणि जर्मनीने मिळून सुरू केलेला अॅस्टेक, रशियाचा सोक्रॅट. पद्धत ढोबळमानाने सारखीच: अख्ख्या प्लँटचे कप्पे पाडायचे, कप्प्यांना वाटांनी जोडायचं आणि प्रत्येक कप्प्यात एकच दाब, एकच वायू-तापमान धरून वस्तुमान आणि ऊर्जेचा हिशेब पुढे रेटायचा. बारकावे जातात, पण कित्येक दिवसांचा अपघात साध्या संगणकावर निघतो.

कोसळलेला गाभा नेमका कसा दिसतो, हे कप्प्यांच्या हिशेबातून येत नाही. ते सांगावं लागतं. एमएएपी ढोबळमानाने असं धरतो की वितळ (वितळलेल्या इंधन-धातूचा रस) गोठून कवच तयार होतं आणि वाफेची वाट बंद होते. मेलकोर धरतो की ढीग सच्छिद्र राहतो आणि वाफ आतून जात राहते. निखाऱ्यांचा ढीग सैल असला तर हवा आरपार जाते, वर राख दबून बसली तर जात नाही, तसाच हा फरक. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारखा एकच अपघात दोन्ही कोडना शक्य तितकी सारखी माहिती देऊन चालवला गेला. गाभा शाबूत असेपर्यंत आलेख एकमेकांच्या जवळ. कोसळल्यावर फाटे: मेलकोरमध्ये वाफ धातूला भेटत राहते म्हणून हायड्रोजन बराच जास्त, एमएएपीत उष्णता आतच कोंडते म्हणून वितळलेला गोळा जास्त तापलेला. दोघांची समीकरणं बरोबर आहेत. वाद ढिगाच्या आकारावर आहे.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडचा अपघात (२८ मार्च १९७९) हे ह्याचं सगळ्यात जुनं उदाहरण. अपघातानंतर तीन वर्षांनी, १९८२ साली, आत कॅमेरा सोडला तेव्हा गाभ्याच्या वरच्या भागात पोकळी दिसली. पुढे कळलं की जवळजवळ अर्धा गाभा वितळला होता आणि त्यातला सुमारे २० टन दाबपात्राच्या (गाभा ज्यात असतो ते जाड पोलादी भांडं) तळाशी गेला होता. पोलादी तळ एका भागात ११०० अंशांच्या आसपास तापला आणि तरी टिकला. नंतर केलेल्या हिशेबांत, आणखी कुठून तरी थंडावा मिळाला असं धरल्याशिवाय तो टिकत नव्हता. गोठलेल्या कवचाच्या भेगांतून आणि भिंतीलगतच्या फटीतून पाणी शिरलं असावं, हे स्पष्टीकरण आता बहुतेक मानतात. त्या वेळच्या कुठल्याच कोडात ती फट नव्हती.

तर विचारा, भांडा.

सहज_सुचलं

झकास. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: फुकुशिमात दाब, पातळी वगैरे मोजणारी उपकरणं असतीलच ना? त्यांच्यावरून कोडला वाटेवर आणता येत नाही का?

वितळबिंदू

@सहज_सुचलं, होती, पण वीज गेल्यावर बरीच बंद पडली, आणि पातळीमापक चुकीचं दाखवत राहिला. त्याची तुलनेची नळी पाण्याने भरलेली असावी लागते. गरम होऊन ते पाणीच उकळून गेलं, की खरी पातळी खाली जात असताना काटा मात्र पाणी भरपूर असल्याचं दाखवतो. पहिल्या भट्टीत असंच झालं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे बाहेरून किती पाणी आत गेलं हेच माहीत नव्हतं. अग्निशमन गाड्यांनी पंप केलेलं पाणी सगळं भट्टीत पोचलं नाही, काही वाटेतल्या जोडण्यांतून दुसरीकडेच वळलं. सिम्युलेशन करणाऱ्याला मग उलटं जावं लागतं: दाबाची जी नोंद आहे ती कुठल्या पाण्याने आली असती?

उंटावरचा

म्हणजे उत्तर आधी माहीत, मग त्याला जुळेल असं पाणी भरायचं. ह्याला सिम्युलेशन म्हणायचं की कर्व्ह फिटिंग? माफ करा, पण ४० वर्षांत दोन कोड हायड्रोजनच्या आकड्यावर एकमत होत नसतील तर ह्यांच्या भरवशावर परवाने कसे देतात?

घनमूळ

@उंटावरचा, परवाना प्रामुख्याने ह्या कोडवर मिळत नाही. रचनेत गृहीत धरलेल्या अपघातांसाठी, म्हणजे पाइप फुटला पण आपत्कालीन शीतन चालू आहे अशा प्रसंगांसाठी वेगळे कोड असतात, त्यांची तपासणी कितीतरी कडक असते. गाभा वितळण्याचे कोड मुख्यतः दोन कामांना येतात: जोखमीचं मूल्यमापन, आणि आणीबाणीत कर्मचाऱ्यांनी काय करायचं त्याच्या सूचना लिहिणं.

मी द्रवगतिकीत काम करतो (अणुक्षेत्रात नाही), त्यामुळे 'एका कप्प्यात एकच तापमान' वाचून अंगावर काटा येतो. हायड्रोजन हलका, तो छताखाली साठतो. अख्ख्या खोलीची सरासरी ५ टक्के आणि छताखाली १५ असं असेल तर कप्प्याचा हिशेब तुम्हाला निर्धास्त करेल. इथे त्रिमितीय जाळी, म्हणजे खोलीचे असंख्य बारीक तुकडे पाडून केलेला हिशेब, लागतेच.

वितळबिंदू

@घनमूळ, मान्य. म्हणून कंटेनमेंटमधल्या (भट्टीभोवतीचं बंदिस्त कवच) हायड्रोजनसाठी गॅसफ्लोसारखे त्रिमितीय कोड वापरतात आणि पांडा, थाई ह्यांसारख्या मोठ्या प्रायोगिक टाक्यांमध्ये थर कसे बनतात ते तपासतात (बऱ्याच प्रयोगांत हायड्रोजनऐवजी हीलियम, जिवाला बरं). पण अख्खा अपघात त्रिमितीत चालवणं परवडत नाही, आणि गाभ्यातून हायड्रोजन किती वेगाने आला हा आकडा शेवटी कप्प्यांच्या कोडमधूनच घ्यावा लागतो.

छताचा विषय निघालाच आहे तर चौथी भट्टी आठवते. तिच्या गाभ्यात इंधनच नव्हतं, सगळं साठवण तलावात होतं, तरी १५ मार्च २०११ ला सकाळी इमारत फुटली. सुरुवातीला संशय तलावावर गेला. निघालं असं की तिसऱ्या भट्टीचा हायड्रोजन दोघींच्या सामाईक धुराड्याकडे जाणाऱ्या नळांतून उलटा शिरला होता. फक्त चौथ्या भट्टीचं मॉडेल करून बसला असता तर कितीही बारीक जाळी घेऊन हे सापडलं नसतं.

@उंटावरचा, फिटिंगचा आरोप अर्धा खरा आहे. मात्र फिट करताना जे हाती लागतं तेही कामाचं. दुसऱ्या भट्टीत वाफेवर चालणारा पंप सुमारे ७० तास चालला. आधीच्या विश्लेषणांत बॅटरी संपली की पंप थांबला असं धरायची रीत होती, म्हणजे काही तासांचा खेळ. कोड हट्टाने सांगत होता की नोंदलेला दाब त्या गृहीतकात बसत नाही. त्यातून पुढे आलेलं स्पष्टीकरण असं: वाफेबरोबर पाणीही टर्बाइनमध्ये शिरलं, तिचा जोर घटला आणि नियंत्रणाविना ती आपोआप एका संथ चालीवर स्थिरावली.

क्षारराज

रसायनशास्त्राकडे कुणी बघेना म्हणून लिहितो. वितळ कुठे गेला हा इंजिनिअरांचा प्रश्न. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो तो बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडिनचा आणि सीझियमचा.

जुन्या हिशेबांत आयोडिन जवळजवळ सगळं सीझियम आयोडाइडच्या कणांच्या रूपात बाहेर पडतं असं धरत. अमेरिकी नियामकाच्या १९९५ च्या दस्तऐवजात ९५ टक्के हाच आकडा आहे. कण बरे, कारण ते खाली बसतात, पाण्यात विरघळतात, गाळणीत अडकतात. मग फ्रान्समध्ये कादाराश इथे फेबस प्रकल्प झाला: १९९३ ते २००४, पाच प्रयोग, चारांत खरं वापरलेलं इंधन, खऱ्या भट्टीत वितळवलेलं. वितळ अपेक्षेपेक्षा कमी तापमानाला सुरू झाला, हे वर आलंच आहे. आयोडिनने मात्र दोन धक्के दिले. अपघाताच्या सुरुवातीलाच त्यातला काही भाग वायुरूपात कंटेनमेंटमध्ये पोचला, जे कुठल्याच प्रारूपात नव्हतं. आणि नियंत्रक कांड्यांतली चांदी तळाच्या पाण्यात जाऊन तिने आयोडिनला न विरघळणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडमध्ये बांधून टाकलं. बोरॉन कार्बाइडच्या कांडीने केलेल्या शेवटच्या प्रयोगात चांदी नव्हती, तिथे वायुरूप आयोडिनचं प्रमाण बरंच वाढलं.

सीझियमही शहाणपणाने वागलं नाही. मॉलिब्डेनमबरोबर जाऊन मॉलिब्डेट बनवलं. मग आयोडिनला जोडीदार कुठून मिळणार?

आणि भिंतीचा रंग! कंटेनमेंटच्या आतल्या रंगात आयोडिन मुरतं आणि किरणोत्सर्गामुळे मिथाइल आयोडाइड होऊन परत बाहेर येतं. ते गाळणीत धरणं सगळ्यात अवघड. कुणाच्या डोक्यात आलं असतं की अणुभट्टीच्या अपघाताच्या कोडमध्ये रंगाचं क्षेत्रफळ भरावं लागेल? आता भरतात.

मैनाताई

बाप रे. क्षारराज, ह्यावर वेगळा धागा काढा, प्लीज.

पाण्याचा मुद्दा मला कळला नाही. तापलेल्या गाभ्यावर पाणी ओतलं तर हायड्रोजन वाढतो असं कुठेतरी वाचलं होतं. मग ओतायचं की नाही?

वितळबिंदू

@मैनाताई, ओतायचं. पण वाचलंत ते खरं आहे. कार्ल्सरूहेच्या क्वेंच प्रयोगांत आणि त्याआधी १९८५ मध्ये आयडाहोच्या लॉफ्ट भट्टीतल्या प्रयोगात हेच दिसलं: फार तापलेल्या कांड्यांवर पाणी आलं की पहिल्यांदा वाफेचा लोंढा येतो, उपाशी झिर्कोनियमला ऑक्सिजन मिळतो, तापमान आणि हायड्रोजन दोन्ही उसळतात, आणि मग गाभा थंड होतो. न ओतल्यास दाबपात्राचा तळ जातो, ते ह्याहून वाईट. कोडचा उपयोग इथे आहे: कितव्या तासाला, किती वेगाने पाणी दिलं तर उसळी लहान राहील हे पडताळता येतं.

असाच पेच कंटेनमेंटमधल्या फवाऱ्यांचा. हवेत वाफ ५५ टक्क्यांच्या वर असेल तर हायड्रोजन पेटत नाही. दाब उतरवायला फवारा सोडला की वाफ पाणी होऊन खाली येते आणि तेच मिश्रण पेट घेण्याजोगं होतं. घाईने केलेलं योग्य काम अयोग्य वेळी झालं, असं. फवाऱ्याच्या वेळेबद्दल मी कोडवर बराच विश्वास ठेवीन, कारण त्यात वाफेचं भौतिकशास्त्र आहे, ढिगाच्या आकाराचा अंदाज नाही.

मध्यमान

संख्याशास्त्रवाला हजर. गृहीतकांची एवढी अनिश्चितता असेल तर एक रन करून एक आलेख छापणं हाच गुन्हा आहे. ५९ रन करा.

५९ च का: सगळे अनिश्चित इनपुट त्यांच्या शक्यतांनुसार यादृच्छिक निवडून प्रत्येक रन केला, तर ५९ उत्तरांतलं सर्वांत मोठं उत्तर हे ९५ टक्के शक्यतांना झाकतं असं ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं. कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०४८५, म्हणजे ०.०५ च्या खाली पहिल्यांदा इथेच जातो. गंमत म्हणजे इनपुट ५ असोत की ५००, संख्या तीच. विल्क्सचं सूत्र.

उंटावरचा

आणि ५९ ही रनमध्ये ढीग सच्छिद्रच असेल तर? एका कोडच्या आतली अनिश्चितता मोजून दोन कोडमधली कशी कळणार?

मध्यमान

नाही कळणार. विल्क्स कोडच्या बाहेर बघत नाही.

आणखी एक खोड सांगतो. गाभा कोसळण्याच्या आसपास टाइमस्टेप (हिशेब ज्या छोट्या वेळेच्या टप्प्यांनी पुढे सरकतो तो टप्पा) किंचित बदलला तरी एखादा कप्पा काही मिनिटं आधी किंवा नंतर कोसळतो आणि पुढचं सगळं वेगळं होतं. उत्तरांचे दोन गठ्ठे पडतात: एकात तळ फुटला, एकात टिकला. अशा वेळी सरासरी काढू नये, तिथे कुठलाच खरा अपघात राहत नाही. गठ्ठे वेगळे ठेवून कशामुळे वेगळे झाले ते शोधावं.

घनमूळ

ह्यात कोड चालवणारा माणूसही धरा. तोच कोड, तोच प्रयोग, वेगवेगळे गट, आणि उत्तरं वेगळी, हे आंतरराष्ट्रीय तुलनांमध्ये वारंवार दिसलंय. कप्पे किती पाडायचे इथूनच सुरुवात.

सहज_सुचलं

फुकुशिमात आता रोबो जाऊन आलेत ना? कोणता कोड जिंकला?

वितळबिंदू

@सहज_सुचलं, कुणीच पूर्ण नाही. पहिल्या भट्टीच्या गाभ्यात फारसं काही उरलं नाही हे दोन्हींनी सांगितलं होतं आणि २०१५ च्या म्युऑन चित्रणात (आकाशातून येणाऱ्या म्युऑन कणांनी घेतलेला एक्स-रेसारखा फोटो) तसंच दिसलं. दुसऱ्या भट्टीत बराचसा ऐवज दाबपात्राच्या तळाशी राहिला असावा असं म्युऑननी सुचवलं. सुरुवातीच्या काही हिशेबांनी ती जास्त बिघडलेली दाखवली होती.

सर्वांत मोठं कोडं मार्च २०२३ मध्ये पुढे आलं. पहिल्या भट्टीच्या दाबपात्राखालचा काँक्रीटचा आधार रोबोने आतून पाहिला: काँक्रीट नाहीसं झालंय आणि लोखंडी सळ्या जागच्या जागी उभ्या आहेत. आपल्या प्रारूपात काँक्रीट आणि सळ्या मिळून एकच पदार्थ धरतात, त्याला एकच झीज-तापमान असतं, दोन्ही बरोबर जातात. वितळ पोलाद वितळण्याइतका तापलेलाच नव्हता का, की काँक्रीट वेगळ्याच कारणाने सुटलं, ह्यावर अजून चर्चा चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या भट्टीतून पहिला नमुना काढला, एक ग्रॅमहूनही कमी. त्यावरून कोड दुरुस्त होणार नाहीत, पण कशात काय विरघळलं हे थोडं कळेल.

अणुरेणू

दाबयुक्त जड पाण्याच्या भट्ट्यांना हे सगळं लागू आहे का? त्यात उभ्या कांड्यांचा एकच गाभा नसतो.

वितळबिंदू

@अणुरेणू, बराचसा नाही. तिथे इंधन शेकडो आडव्या नळ्यांत, आणि त्या नळ्या थंड जड पाण्याच्या मोठ्या टाकीत. मुख्य शीतन गेलं तरी टाकीतलं पाणी बराच वेळ उष्णता ओढतं. ते आटायला लागलं की वरच्या नळ्या वाकून खालच्यांवर टेकतात आणि मग ओळीने कोसळतात. उभ्या कांड्यांसाठी लिहिलेली कोसळण्याची प्रारूपं इथे चालत नाहीत. म्हणून एमएएपीची कँडूसाठी (कॅनडाची जड पाण्याची भट्टी) वेगळी आवृत्ती करावी लागली. वेळ जास्त मिळतो हा फायदा. वाकलेल्या नळ्यांच्या ढिगावर प्रयोग त्या मानाने कमी झालेत हा तोटा.

मैनाताई

मेलकोर घरी चालवता येणार नाही हे कळलं. पण स्प्रेडशीटवर काही करून बघण्यासारखं आहे का?

वितळबिंदू

आहे. क्षयाच्या उष्णतेचं वे-विग्नर सूत्र घ्या: मूळ शक्तीचा अंश = ०.०६६ × [भट्टी बंद झाल्यापासूनचे सेकंद, घात उणे ०.२ − (तेच सेकंद + आधी भट्टी चालली ते सेकंद), घात उणे ०.२]. सुरुवातीच्या तासांत जरा कमी दाखवतं, पण अंदाजाला पुरे. त्याला पाण्याच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेने भागा, म्हणजे सेकंदाला किती पाणी उकळेल ते मिळेल.

मैनाताई

३००० मेगावॉट, आधी वर्षभर चाललेली, बंद होऊन एक दिवस झालेला. अंश ०.००४७, म्हणजे १४ मेगावॉट. पाणी ताशी २२ टन. बरोबर?

वितळबिंदू

बरोबर, १०० अंशांचं पाणी वातावरणीय दाबाला उकळलं असं धरून. आतला दाब ७० बार (वातावरणाच्या सुमारे ७० पट) असेल तर बाष्पीभवनाची उष्णता घटते आणि तेवढ्याच १४ मेगावॉटला ताशी ३३ टन उडतात. उलट वातावरणीय दाबाला २० अंशांचं थंड पाणी ओतलंत तर ते तापायलाही उष्णता खातं, गरज १९ टनांवर येते. अग्निशमन गाडीच्या पंपाला एवढं पाणी अवघड नाही. पण तिचा पंप ७० बारच्या विरुद्ध पाणी ढकलू शकत नाही, त्यामुळे आधी दाबपात्रातला दाब उतरवावा लागतो, आणि त्यासाठीच्या झडपा उघडायला वीज आणि दाबाखालचा वायू लागतो. फुकुशिमात दुसऱ्या भट्टीजवळ लोक गाड्यांच्या बॅटऱ्या गोळा करून जोडत होते, ते ह्याच झडपांसाठी.